बोलवणारी

मुलींच्या शाळेत दोन तऱ्हेच्या बाया असतात. 'बाई आल्या!' म्हटलं की पोरी पाट्या पुसून ताठ बसतात, त्या शिकवणाऱ्या बाई. आणि 'बाई आली' म्हटलं की कुणी मानसुद्धा वर करत नाही, ती दुसरी. शरणम्मा ही दुसरी. 'आल्या' आणि 'आली' यांत अंतर ते केवढं, पण केस पांढरे होईपर्यंत तिला ते ओलांडता आलं नव्हतं. असं काही ओलांडायचं असतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं म्हणा.

तिचं काम पोरींना बोलावून आणायचं. बालवर्गातल्या आणि पहिलीतल्या चिमुरड्या एकट्या कशा येणार? आया विड्या वळत बसलेल्या, बाप मिलच्या पाळीवर. कुणी आणून सोडलं तर शाळा, नाहीतर दिवसभर उकिरड्यावर खेळ. म्हणून शाळेनं ही बाई ठेवलेली. सकाळचा भोंगा झाला की ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची आणि लांब सुरात हाक द्यायची, "नागूऽ, सोजरऽ, कमळेऽ, बजेऽ, चलाऽ गंऽ!" शेवटच्या 'चला गं'ला ती असा काही हेल काढी की झोपलेली पोरसुद्धा झोपेतच "आले ओ बाईऽ" म्हणायची. आया हातातली विडी खाली न ठेवता आतूनच पोरीला दाराबाहेर ढकलत. त्यामुळे शरणम्माचा आवाज अर्ध्या सोलापुरातल्या स्वयंपाकघरांना पाठ होता, तोंड मात्र कुणी धड पाहिलेलं नव्हतं. नावाचं तर विचारूच नका. शाळेच्या हेडबाई दाक्षायणीबाई भल्या होत्या, पण त्याही शिपायाला सांगत, "त्या बोलवणारीला म्हणावं, उद्या जरा लवकर निघ." सगळ्या शाळेची ती बोलवणारी.

तिची एक दोरी होती. जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून तिनंच केलेली, चांगली जाड, आणि ठरावीक अंतरावर गाठी. प्रत्येक पोरीची गाठ ठरलेली. नागूची पहिली, बजीची सगळ्यात शेवटची, कारण बजी सगळ्यात धाकटी आणि तिला शेपूट व्हायला आवडायचं. "गाठ धरली का गं?" असं शरणम्मानं विचारायचं, पोरींनी "धरलीऽ" म्हणून ओरडायचं, आणि मग टांगे, सायकली, बैलगाड्या चुकवत ती माळ शाळेकडे निघायची.

दुष्काळाच्या पाठच्या वर्षाची गोष्ट. उन्हाळा तोंडावर आलेला, शाळा सकाळची झालेली. आणि गावात एक बातमी आली. आली कुठून हे कुणालाच ठाऊक नाही. अफवेला आईबाप नसतात. कुठं तरी लांब एक मोठा पूल होतोय, त्याचा पाया टिकत नाही, म्हणून त्यात पुरायला पोरं हवीत आणि ती धरून न्यायला माणसं सुटलीत. पहिल्या दिवशी धरून नेणारा पोतंवाला बुवा होता. पुढं पुढं ती गोळ्या वाटणारी बाई झाली. कुणी तरी तिच्या हातात दोरीही दिली. एक पोर खरंच गेलं म्हणावं तर तेही नाही, पण प्रत्येकाच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याचं गेलं होतं.

शरणम्माला हसू आलं असेल असं वाटतं का? अजिबात नाही. तिनं ती बातमी पुरती खरी मानली होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रात्री ती दचकून उठायची आणि अंधारात बोटांनी दोरीच्या गाठी चाचपायची. आपल्या मागून एखादी गाठ अलगद रिकामी झाली तर? मागं डोळे थोडेच आहेत आपल्याला! आयांनी पोरींना बजावून ठेवलं होतं, कुणी अनोळखी माणसानं विचारलं तर तोंड उघडायचं नाही, नाव सांगायचं नाही. शरणम्मानंही तेच बजावलं. आणि एके दिवशी सकाळी तिनं आणखी एक गोष्ट केली. पोरींनी गाठ धरण्यावर तिचा भरवसा राहिला नाही. तिनं दोरी प्रत्येकीच्या मनगटाला बांधून टाकली.

"बाई, टोचतंय की," बजी कुरकुरली.

"टोचू दे, माज्या राणी. गेलीस म्हंजे?"

रोजच्या वाटेवर पाण्याचा टँकर आला होता. हंडे, घागरी, बायकांची भांडणं. मुंगीला शिरायला जागा नाही. अशा गर्दीत पोरी न्यायच्या? ती मागं वळली आणि चिंचेच्या बोळात शिरली. ह्या बोळातून ती कधी गेलेली नव्हती. दोन्ही अंगांना बसकी घरं, घराघरात माग, आणि मागांची खटखट अशी की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये. ओट्यावर बसलेली एक म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. शरणम्मानं पदर पुढं ओढला आणि पाय उचलला. घाईत बजी अडखळली, मनगटाला हिसका बसला आणि तिनं भोकाड पसरलं. तिचं ऐकून कमळीनं सूर लावला, आणि मग काय, सगळ्याच.

म्हातारी उठून आत गेली.

मग एक माग थांबला. शरणम्मानं आधी लक्ष दिलं नाही. मग त्याच्या शेजारचा थांबला, मग समोरचा. एकेक खटखट बंद होत गेली आणि बोळात अशी शांतता पसरली की पोरींचे हुंदके भिंतींवर आपटून परत येऊ लागले. दारं उघडली. माणसं बाहेर आली. कुणी ओरडत नव्हतं, हेच वाईट होतं.

"थांब गं ए," कुणी तरी म्हणालं.

ती थांबली. पुढं माणसं होती, मागंही होती.

सगळ्यांत पुढं होता मायाप्पा. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. त्याच्याबद्दल एवढं सांगायला हवं की माणूस काही दुष्ट नव्हता. दोन दिवसांपूर्वी त्याची पोर दुरपी हरवली होती. अख्खा बोळ गाव पालथा घालून आला आणि पोर सापडली घरातच, सुताच्या गठ्ठ्यामागं झोपलेली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, म्हणून लोक हसले. मायाप्पा हसला नव्हता. मधल्या वेळात त्याच्या काळजात जे शिरलं होतं ते अजून निघालंच नव्हतं. भ्यालेल्या माणसाइतकं भयंकर जनावर नाही, आणि इथं तर तसली जनावरं बोळ भरून होती.

"पोरी कुनाच्या ह्या?"

"शाळंच्या," शरणम्मा म्हणाली. म्हणजे ओठ हलले. आवाज जेमतेम समोरच्या मायाप्पापुरता.

"दोरीला बांधल्यात बगा! जनावरागत बांधून नेतीया!" मागून एक बाई किंचाळली.

त्यासरशी घोळका एक पाऊल पुढं आला. मायाप्पानं दोरीचं टोक तिच्या हातातून हिसकलं. "बिडरी, अण्णा, बिडरी," ती कानडीत सोडा सोडा म्हणू लागली, कारण भीतीनं माणूस आईच्या भाषेत पळून जातो. मायाप्पा पहिल्या पोरीपुढं उकिडवा बसला.

"तुजं नाव काय, बाळा?"

नागूनं ओठ घट्ट मिटले. आईनं सांगितलं होतं ना. कमळीनंही मिटले, सोजरनंही. शहाण्या पोरी! शहाण्या पोरींच्या त्या शहाणपणानं शरणम्माचे हातपाय गार पडत चालले.

"बोलत न्हाईत. काय तरी खायाला घातलंय," कुणी तरी कुजबुजलं.

"ही बाई तुमची कोण? हिचं नाव काय?"

पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. इथं मात्र त्या काही लपवत नव्हत्या. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या आयांना माहीत नव्हतं. शेवटी बजीला कणव आली असावी, तिनं नाक वर ओढलं आणि बारीक आवाजात सांगितलं, "बोलवणारी."

"काय?"

"ही बोलवणारी हाय. आमाला बोलवती आन् नेती."

रोजचा साधा शब्द. पण त्या सकाळी त्या बोळात तो पडला आणि चुलीत रॉकेल ओतावं तसं झालं. बोलवते आणि नेते! गोड बोलून बोलवते आणि नेते! पोरीच सांगतायत, आणखी पुरावा काय हवा? कुणी तरी तिचा दंड धरला, कुणी पदर ओढला. एका माणसानं वाकून रस्त्यावरचा दगड उचलला. तो तरुण होता, चांगल्या घरचा दिसत होता, एवढं सगळं शरणम्माला दिसलं. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं कधी घोळक्याच्या मधोमध उभं राहून बघावं. ती खाली बसली असती तर पोरींवर पाय पडले असते, म्हणून ती भिंतीला टेकून कशीबशी उभी राहिली. माज्या पोरी तुडवू नका, एवढंच तिला म्हणायचं होतं. तेही येईना.

"थांबा," मायाप्पा म्हणाला. अजून त्याच्यात कुठं तरी माणूस जागा होता. "शाळंची म्हनतीया न्हवं? मग पोरींची नावं सांग. सांग बगू. ठावं असतील की."

नावं! रोज सकाळी घेतलेली नावं. ती आठवू लागली आणि डोक्यात नुसता काळोख. समोर चार चेहरे, रडून लाल झालेले, आणि एकाचंही नाव जिभेवर येईना. नाव असं सुटं कधी घेतलंच नव्हतं ना तिनं. ती सगळी त्या हाकेत ओवलेली. हाक घातली तर येतील. तिनं डोळे मिटले. आपण बोळात नाही, गल्लीच्या तोंडाशी आहोत, भोंगा नुकताच झालाय, असं मनाला सांगितलं. छाती भरून घेतली. आणि हाक निघाली.

"गोजाऽ, चंद्रीऽ, रुकमेऽ, चलाऽ गंऽ!"

तिनं डोळे उघडले आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. ही नावं ह्या पोरींची नव्हतीच. केस काळे होते तेव्हाची नावं ही, नोकरीला लागली तेव्हाच्या पहिल्या पोरींची. भेदरलेलं मन ताज्या गोष्टी टाकून जुन्याच हाताशी धरतं.

"ह्यात गोजा कोण हाय गं?" मायाप्पानं पोरींना विचारलं.

पोरींनी माना हलवल्या.

"चंद्री?"

नाही.

मायाप्पा उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि आवाज एकदम हळू झाला. "मग त्या कुटं गेल्या? गोजा कुटाय? काय केलंस त्या पोरींचं?"

आता संपलं, शरणम्माच्या मनात आलं. तिनं दोरीकडं हात नेला, निदान बजीची गाठ तरी सोडावी, सुटली तर पळेल. गाठ सुटेना. दगडवाल्यानं हात मागं नेला.

तेवढ्यात बोळाच्या मधल्या एका बंद दाराआडून आवाज आला. बारीक, हेल काढलेला, एखाद्या शाळकरी पोरीचा असावा तसा.

"आले ओ बाईऽऽ!"

आतला अडसर धाडकन पडला. दार उघडलं आणि एक तरणी बाई बाहेर धावत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत जोंधळ्याच्या पिठानं माखलेले. ती घोळक्यात घुसली, त्या पिठाच्या हातांनी माणसं बाजूला सारत शरणम्मापाशी पोचली आणि तिच्यापुढं अशी उभी राहिली की दगड आला तर आधी तिला लागावा.

"रंभे!" मायाप्पा ओरडला. ती त्याची बायको होती. "दार उगडू नगंस म्हनलं हुतं न्हवं? आत जा!"

"हाक मला आलीया."

"गोजा म्हनली ती. गोजा!"

"मग मी कोण हाय?" तिचा आवाज चिरकला. "रंभा तुमी ठिवलं. लग्नात तांदळात बोटानं लिवलं आन् झाले मी रंभा. त्याच्या आदी कोण हुते, कदी इचारलंसा? गोजा हुते मी. गोजी, गोजे, गोजाबाई! समदी मला गोजाच म्हनायची. आन् ही बाई, ही रोज माज्या माहेरच्या बोळाच्या तोंडाला येऊन मला हाक मारायची. वड्याला पानी आलं तर मला खांद्यावर घेऊन न्यायची. चार अक्षरं लिवता येत्यात मला ती कुनामुळं? टाक तो दगड खाली, मेल्या! टाक म्हनते न्हवं!"

दगड खाली पडला. तो पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"शाळंची बाई हाय ही," गोजा म्हणाली. आता ती रडत होती. "पोरींना बोलवून नेती म्हनून बोलवणारी. दुसरं काय न्हाय."

मायाप्पा बायकोकडं वळला. मग अडखळत म्हणाला, "मग हिचं नाव काय?"

गोजानं तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. ती वळली, शरणम्माच्या तोंडाकडं बघत राहिली. इतकं नीट तिनंही ते पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं नाव काय ओ?"

शरणम्मानं नाव सांगितलं. कुणाला ऐकू गेलं नाही. नाव विचारलं जाण्याची सवय नव्हती. तिला ते पुन्हा सांगावं लागलं.

"शरणम्मा."

मायाप्पानं खाली बसून पोरींच्या मनगटांच्या गाठी सोडल्या. हिसक्यानं गाठी आवळल्या होत्या, म्हणून बजीनंच त्याला मदत केली. शेवटची गाठ सुटली तसा तो ओट्यावर जाऊन बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. बाकीचे लोक एकेक करून दारांआड गेले. कुणी माफी मागितली नाही. घोळक्यात प्रत्येकाला वाटतं की मी कुठं काय केलं. म्हातारीनं तेवढा तांब्याभर पाणी आणून शरणम्मापुढं धरलं. तिनं ते प्यायलं कमी आणि सांडलं जास्त.

"चला, मी येते कोपऱ्यापातुर," गोजा म्हणाली. तिनं घरात जाऊन दुरपीला कडेवरून आणलं. दोरीला बजीच्याही मागं थोडं टोक उरलं होतं. तिथं तिनं नवी गाठ मारली आणि पोरीच्या मुठीत दिली. "सोडायची न्हाय हं. हातानं धरायची. बांदायचं न्हाय." शेवटचं ती शरणम्माकडं बघून म्हणाली.

मागं ओट्यावर मायाप्पानं मान वर केली. पोरीला त्यानं जाऊ दिलं.

शाळेत दाक्षायणीबाई फाटकाशीच उभ्या होत्या. "उशीर का गं आज?"

"टँकरपाशी गर्दी हुती," शरणम्मा म्हणाली.

त्यांनी एक नवी पोर आलेली पाहिली, बरं वाटून मान हलवली आणि त्या आत गेल्या. शरणम्मा दिवसभर पाण्याच्या माठापाशी भिंतीला पाठ लावून बसली. पाठीमागं कुणी नको होतं तिला.

रात्री तिला झोप आली नाही. उद्या जायचंच नाही, असं तिनं ठरवलं. पण आपण हाक मारली नाही तर नागू, सोजर, कमळी, बजी उंबऱ्यात वाट बघत बसणार. आणि दुरपी? चिंचेच्या बोळात तिला न्यायला दुसरं कोण जाणार होतं? भोंगा झाला तेव्हा ती वहाणा घालत होती. भीती काही कमी झाली नव्हती. ती तशीच पोटात घेऊन, चार पोरी दोरीला धरून ती बोळाच्या तोंडाशी आली, आणि पाऊल पुढं पडेना. आत मागांची खटखट चालू होती. ती कधीही थांबेल असं वाटत होतं. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक येईना.

"बाई, मारा की हाक," बजी म्हणाली.

शरणम्मा नुसतीच उभी. नजर त्या माणसाच्या दगडावर. तो अजून तिथंच रस्त्याच्या कडेला पडला होता.

मधल्या घराचं दार उघडलं. गोजा ओट्यावर आली, तिनं बोळाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मागं वळून घरात आवाज दिला. मागांच्या वर जाणारा, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असा.

"दुरपेऽ, आटप! शरणम्माबाई आल्याऽ!"

आल्या. शरणम्मानं मागं वळून बघितलं, दाक्षायणीबाई वगैरे कुणी आहेत का म्हणून. मागं कुणी नव्हतं, पोरीच होत्या. तेव्हा कुठं तिला कळलं, आणि डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच तिनं छातीत वारा भरून घेतला.

"दुरपेऽ, चलाऽ गंऽ!"